बॉबिन संपली की पिल्लू बाहेर

मागच्या महिन्यात ओळखीतली एक बाई फॉल-पिकोचं विचारायला आली. आमच्या कुत्रीला, मालूला बघितलं आणि म्हणाली, "आम्हाला पण आणायचंय ओ पिल्लू, पण वेळच नाही." मी विचारलं, दिवसाला किती वेळ लागेल असं वाटतंय? म्हणाली, तासभर.

तासभरात भागत नाही. पहिल्या आठवड्यात मी मापाच्या वहीत मागच्या पानावर टिपून ठेवलं होतं. शी-शूला बाहेर नेणं दिवसातून चौदा वेळा, पाच-पाच मिनिटं. खाणं चार वेळा, दहा-दहा मिनिटं. शिकवणं पाच वेळा, तीन-तीन मिनिटं. पुसापुशी अर्धा तास. बेरीज दोन तास पस्तीस मिनिटं. पण त्या वहीतली खरी गोष्ट बेरजेत नव्हती. पुसापुशीसुद्धा तुकड्यातुकड्यानेच व्हायची, म्हणजे अख्ख्या दिवसात दहा मिनिटांपेक्षा मोठं असं एकही काम नव्हतं. ज्याला संध्याकाळी सलग तीन तास मोकळे आहेत पण दिवसभर घराला कुलूप, त्याला दोन महिन्यांचं पिल्लू जमणार नाही. आणि जिला बूड टेकायला फुरसत नाही, पण दिवसभर घरातच आहे, तिला जमेल. मला जमलं ते असंच.

मी घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते. दोन जुकी मशीन, एक ओव्हरलॉक, कटिंगचं टेबल आणि मदतीला एक पोरगी. सोलापुरात अशोक चौकाच्या अलीकडे जुनं घर आहे, पुढे शहाबादी फरशीचं अंगण, वर पत्रा. आमचे हे मालगाडी चालवतात. कॉल आला की दौंड नाहीतर वाडी, परत कधी येतील ते सिग्नलला माहीत. पोरगा त्या वर्षी दहावीला, पोरगी सातवीला. आणि सासूबाई. अक्कलकोटकडच्या, देवपूजा कडक, घरात कन्नड बोलणार, मांसमच्छी उंबऱ्याच्या आत नाही. या घरात मालू आली. पूर्ण नाव मालदांडी, कारण रंग थेट मंगळवेढ्याच्या ज्वारीसारखा. गावठी कुत्री आहे, जात विचारू नका.

आधी तारीख ठरवा

संक्रांतीच्या सुमारास मोहोळकडे नणंदेच्या शेतात हुरड्याला गेलो होतो. गोठ्यात पाच पिल्लं. नंदावे म्हणाले, "घेऊन जावा की आत्ताच, पिशवीत घालून देतो." पिल्लं सहा आठवड्यांची. मी नाही म्हटलं. सहाव्या-सातव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांना चावून, ओरडून घेऊन शिकतात की किती जोरात चावलं म्हणजे जास्त होतं. ते शाळेचे दिवस आपण बुडवले तर पुढं तो अभ्यास आपल्या हातापायांवर होतो. आठ आठवडे पुरे होईपर्यंत आईजवळ राहू द्या. कुणी पाच आठवड्यांचं पिल्लू "लवकर लळा लागतो" म्हणून देत असेल तर घेऊ नका.

दुसरं कारण गड्डा, म्हणजे संक्रांतीची आमची जत्रा. सिद्धेश्वरांच्या यात्रेत शोभेचं दारूकाम होतं त्या रात्री आमच्या पत्र्यापर्यंत आवाज येतो. नव्या घरातली पहिली रात्र आणि वर फटाके, असं कुणाच्या लेकराचं करू नये. पिल्लू दिवाळीच्या तोंडावर आणू नका, ते याच कारणाने.

तिसरं कारण माझा धंदा. एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत मला श्वास घ्यायला वेळ नसतो, शाळा उघडेपर्यंत. म्हणून मी उलटं मोजलं. जानेवारीच्या शेवटी आठ आठवडे पूर्ण, मार्चअखेर चार महिने. म्हणजे सीझन सुरू होईपर्यंत सगळ्यात त्रासाचे दोन महिने पार. तुमचा सीझन तुम्ही ओळखा. ऊसतोड असेल, मार्च एंडिंग असेल, घरातलं लग्न असेल. त्याच्या आधी दोन महिने मोकळे मिळतात का बघा. नसतील तर पुढच्या वर्षी आणा. पिल्लं काय, दरवर्षी होतात.

पोराची दहावी मात्र मधेच आली. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. पण त्या दहावीचाच उपयोग झाला, तो पुढे सांगते.

कोण कधी जागं असतं

आणायच्या आदल्या रात्री सगळ्यांना बसवलं आणि एकच प्रश्न विचारला: तू कधी जागा असतोस? "तू काय करशील" असं विचारलं तर पोरं "सगळं करू" म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी कुणी दिसत नाही. जागं असण्याच्या वेळा मात्र खोट्या निघत नाहीत.

पोरगा अभ्यासाला रात्री बारापर्यंत जागा. बाराचा फेरा त्याचा. सासूबाई साडेचारला उठून अंघोळ करणार. त्या आधी म्हणाल्या, "मी कुत्र्याला शिवणार नाही." मी म्हटलं, शिवू नका आई, फक्त दार उघडा, तिची ती जाते. साडेचारचा फेरा त्यांचा. मधले साडेचार तास मी झोपले. पहिले आठ-दहा दिवस अडीचला एकदा उठावं लागलं, नंतर नाही. सकाळी सात ते साडेसात पोरगी. दिवसभर मी. हे आले की त्यांची हजेरी बोनस. त्यांना वेळापत्रकात धरलंच नाही. घरातल्या ज्या माणसाचा भरवसा नाही त्याला कामाला लावू नका, लाडाला ठेवा.

टेलरिंगचा खडू स्वयंपाकघराच्या दारामागे बांधून ठेवला. जो बाहेर नेईल त्याने वेळ लिहायची आणि शू झाली का शी, एवढंच. चार दिवसांत दारावर हिशेब दिसायला लागला: खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत शी, झोपेतून उठली की लगेच शू, खेळून दमली की परत शू. पिल्लाचं पोट घड्याळ असतं, पण त्यात चावी आपण भरायची असते. चार वेळचं खाणं रोज त्याच वेळी दिलं तरच ते घड्याळ चालतं. तीन महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा.

बॉबिनचा नियम

आता माझी खरी युक्ती. पिल्लू दिवसा किती तास दाबून धरू शकतं याचा ढोबळ हिशेब असा: जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा. दोन महिन्यांचं असेल तर फार तर तीन तास. पण हे झोपलेलं असेल तर. जागं असेल तर अर्ध्या-पाऊण तासाला नेलेलं बरं. आता अर्ध्या तासाला आठवण कोण ठेवणार? मोबाइलचा गजर लावला, दोन दिवसांत त्याचा आवाज कानाला ऐकू यायचा बंद झाला.

मग लक्षात आलं, मी तसंही दर अर्ध्या-पाऊण तासाला थांबतेच. खालची बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, संपते. मशीन रिकामी टाके मारते, मी पाय काढते, बॉबिन केस उघडते. तेव्हाच उठायचं, मालूला उचलायचं, अंगणाच्या कोपऱ्यात तुळशीच्या उलट्या बाजूला त्याच जागी न्यायचं, "शू कर" म्हणायचं आणि तोंड गप्प ठेवून उभं राहायचं. दोन मिनिटं. केली की तिथंच, त्या क्षणी, खिशातला पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा. घरात येऊन दिला तर तिला वाटतं, घरात आल्याचं बक्षीस आहे. नाही केली तर आत आणून डोळ्यांसमोर ठेवायची आणि पाच मिनिटांनी परत. भरलेल्या बॉबिन आधी शेजारी तयार ठेवायच्या, म्हणजे माझाही वेळ वाया जात नव्हता.

तुमच्याकडे मशीन नसेल. पण प्रत्येकाच्या दिवसात अशी काहीतरी बॉबिन असते. दुकान असेल तर गिऱ्हाईक गेलं की. घरून कंप्युटरवर काम असेल तर प्रत्येक फोन ठेवला की. भाकऱ्या थापणारी बाई असेल तर दर दहा भाकऱ्यांना, फक्त हात धुऊन. नवी वेळ काढू नका, ज्या ठिकाणी तुम्ही आपोआप थांबता तिथं पिल्लाचा फेरा जोडा.

घरात केलं तर? करणारच. पहिल्या आठवड्यात रोज तीन-चारदा. सासूबाईंच्या माहेरी म्हणे नाक घासायचे त्यात. काही उपयोग नाही. पाच मिनिटांपूर्वी केलेल्याचा आणि आत्ताच्या माराचा संबंध पिल्लाला लागत नाही. ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायचं नाही, मग कपाटामागे जाऊन करतं. करताना दिसलं तर टाळी वाजवून उचला आणि बाहेर. नंतर दिसलं तर गप पुसा. काळं फिनेल नको, ते पिल्लाला घातक. मी पाण्यात व्हिनेगर घालून पुसत होते. वास राहिला तर तीच जागा परत धरतात.

पाण्याच्या दिवसाचं वेगळं बघावं लागतं. आमच्याकडे नळाला रोज पाणी नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि आलं की अख्खं घर पिंपं, घागरी, हौद यात. त्या गडबडीत दोनदा मालूचा फेरा चुकला आणि दोन्ही वेळा तिने गादी धरली. मग पाण्याच्या दिवशी तिला टेबलाखालच्या जाळीत ठेवायची ठरवलं. हौदावर झाकण पाहिजेच, हे वेगळं सांगायला नको. पिल्लू वाकून बघतं आणि आत जातं, वर येता येत नाही.

टेबलाखालची खोली

कटिंग टेबलाखाली तीन बाजूंनी लोखंडी जाळी लावून घेतली, चौथ्या बाजूला छोटं दार. आत जुनी सोलापुरी चादर घडी करून. तिथं शिक्षा म्हणून कधी टाकायचं नाही. खाणं तिथं, झोप तिथं. पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं. हे लोकांना पटत नाही. पोरं झोपलेल्या पिल्लाला उठवून खेळवतात आणि मग ते चिडचिडं झालं, चावतं म्हणून तक्रार. आमच्याकडे मालू पिसाटल्यासारखी पळायला लागली, पायजम्याला लटकायला लागली की ती दमलेली असायची. जाळीत ठेवून वर टॉवेल टाकला की पाच मिनिटांत घोरायची.

पहिल्या रात्री ती जाळी माझ्या अंथरुणाजवळ ओढून घेतली होती. लांब ठेवून रडू द्या, सवय होते, असं सांगणारे भेटतील. दोन महिन्यांचं लेकरू आई, चार भावंडं सोडून आलेलं. त्याला नुसता हाताचा वास पुरतो. जाळीत दोन बोटं घालून झोपले. आठवडाभराने जाळी रोज वीतभर लांब सरकवली, पंधरा दिवसांत टेबलाखाली गेली.

माझ्या धंद्यात एक धोका असा आहे की त्याच्याविषयी कुणी बोलत नाही. दोरा. तिसऱ्या आठवड्यात मालूच्या तोंडातून पांढरा दोरा लोंबताना दिसला. माझा हात ओढायला गेला होता, पण डॉक्टरांनी आधी बजावलेलं आठवलं: दोरा ओढायचा नाही. एक टोक आत जिभेखाली किंवा आतड्यात अडकलेलं असेल तर ओढल्याने आतडं कापलं जातं. मागून लोंबत असेल तरी तसंच. रिक्षा केली आणि थेट दवाखाना. नशिबाने वीतभरच होता. त्या दिवसापासून शिवण संपली की जमिनीवर चुंबक फिरवून सुया-टाचण्या आणि झाडू मारून दोरे, मगच मालू मोकळी. ज्यांच्या घरात शिवणकाम आहे त्यांनी हे पहिल्या दिवसापासून करा, माझ्यासारखं तिसऱ्या आठवड्यापासून नको.

दुसरा धोका शेजारी. शेजारच्या अक्का विड्या वळतात. सूप मांडीवर, त्यात तंबाखू, बाजूला तेंदूची पानं, हात सुरू आणि तोंडही. मालूला त्यांच्याकडे जायला फार आवडायचं. तंबाखू पिल्लाच्या पोटात गेली तर जिवावर बेततं. अक्कांना सांगितलं, त्यांनी सूप पाटावर घ्यायला सुरुवात केली आणि मालूला दारातूनच तेलुगूत "पो, पो", म्हणजे जा, जा, करायला लागल्या. तसंच चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण हे कुत्र्याला विष. आमच्याकडे द्राक्षं आणि बेदाणे सोलापूर जिल्ह्यातलेच, घरोघरी डबे भरलेले. पाहुणे प्रेमाने बेदाणा पुढं करतात. हात धरायचा.

ये, बा, रा

शिकवायला तीन मिनिटं पुरतात, पण दिवसातून पाच वेळा. सलग पंधरा मिनिटं शिकवत बसलात तर चौथ्या मिनिटाला पिल्लू मुंगीच्या मागे गेलेलं असतं. माझ्या पाच वेळा खाण्याला जोडलेल्या: चार खाण्यांच्या आधी ताट हातात धरून, आणि पाचवी रात्री दिवा मालवण्याआधी. पोटात भूक असते, लक्ष ताटावर असतं, बक्षीस हातातच असतं.

ताट नाकासमोरून डोक्यावर नेलं की मान वर होते आणि बूड खाली टेकतं. टेकलं त्या क्षणी "बस". आधी शब्द आणि मग दाबून बसवणं, असं नाही. तीन दिवसांत शब्द आणि बूड यांची गाठ पडते. "थांब" म्हणून ताट खाली ठेवायचं, ती उठली की उचलायचं, बसली की ठेवायचं. पहिल्या दिवशी एक सेकंद थांबली तरी खूप.

"ये" मात्र पंधरा दिवस झाले तरी येईना. मी "ये" म्हणायची, सासूबाई कन्नडमध्ये "बा", अक्का दारातून तेलुगूत "रा", आणि पोरगी "कम कम". हे चारही एकच म्हणे! सोलापुरात माणसाला तीन भाषा येतात, पिल्लाला येत नाहीत. मी चिडून म्हटलं, एकच शब्द ठरवा. पोरांना वाटलं आईचाच शब्द ठरणार. पण दिवसभर सगळ्यात जास्त कोण हाक मारतं ते मोजलं, तर सासूबाई. शिवायला तयार नव्हत्या त्या, पण जपाची माळ ओढता ओढता "बा इल्ली" चालूच. म्हणून "बा" ठरलं. मलासुद्धा ते शिकावं लागलं. हल्ली हे दौंडहून फोन करतात तेव्हा स्पीकरवरून "बा" म्हणतात आणि मालू फोन चाटते.

या शब्दाचा एक नियम घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ करायला लावला: "बा" म्हणून बोलवायचं आणि मग रागवायचं, अंघोळ घालायची किंवा औषध घालायचं, असं कधी करायचं नाही. ते करायचं असेल तर आपण उठून तिच्याकडे जायचं.

चावणं. सुयांसारखे दुधाचे दात साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात पडतात, आणि तोवर तुमचे मनगट, साडीचा काठ, चपला सगळं त्यांचं. ओरडून किंवा तोंड दाबून ते वाढतं, पिल्लाला वाटतं खेळ रंगात आला. आम्ही असं केलं: दात लागले की "आई गं" म्हणून हात सैल सोडायचा, तोंड फिरवायचं आणि वीस मोजेपर्यंत दगड व्हायचं. सगळ्यांनी. एकाने जरी हसून खेळत ठेवलं तरी मुसळ केरात. आणि चावायला काहीतरी द्यायचं. आमच्याकडे टॉवेलच्या कटपीसना तोटा नाही. गाठ मारून, ओली करून फ्रीजरमध्ये ठेवायची. थंड गाठ हिरड्यांना बरी वाटते. फक्त समोर बसून द्यायची आणि दोरे सुटायला लागले की फेकायची. दोऱ्याची गोष्ट वर सांगितलीच आहे.

ओंजळीत सोलापूर

डॉक्टर सांगतात लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडू नका. बरोबर आहे. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि लस न घेतलेलं पिल्लू दोन-तीन दिवसांत हगवण-उलट्यांनी जातं. पण पिल्लाचं मन बारा-चौदा आठवड्यांपर्यंतच सताड उघडं असतं. तोवर जे बघेल, ऐकेल ते त्याला जगाचा भाग वाटतं; नंतर नवीन दिसलेल्या गोष्टीवर ते भुंकतं नाहीतर पळतं. मग काय करायचं? उचलून न्यायचं. जमिनीवर पाय लावायचा नाही.

मी कपडे पोचवायला नव्या पेठेत जाते. मालूला ओढणीच्या झोळीत घेतलं. रोज एक नवी गोष्ट, जास्त नाही. एक दिवस रिक्षाचा आवाज, एक दिवस स्टेशनबाहेरची गर्दी, एक दिवस हलगी, एक दिवस छत्री उघडणारा म्हातारा. घाबरली तर लांब जायचं, जवळ ढकलायचं नाही. घरात कुकर, मिक्सर, ओव्हरलॉक हे रोजचंच. युनिफॉर्मची मापं द्यायला आलेल्या पोरांची तर रांगच असायची. प्रत्येकाला सांगायचे, आधी बसू दे, मग हात लाव. पोरांवर कधी भुंकली नाही, त्याचं कारण ती रांग.

लसी माझ्या वहीतून उतरवून देते, पण तुमच्या डॉक्टरांचा कागद खरा. सहा ते आठ आठवड्यांत पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, सोळा आठवडे होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर, आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला. दवाखान्यात जायच्या तारखा मी गिऱ्हाइकांच्या डिलिव्हरीच्या तारखांतच लिहिल्या: "मालू, तिसरी लस, साडेसात". नाव वेगळ्या कॅलेंडरवर लिहिलं असतं तर विसरले असते. घरातल्या कुणाला लस न झालेल्या पिल्लाचा दात लागून रक्त आलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि माणसांच्या डॉक्टरकडे जा. "आपलंच पिल्लू आहे" म्हणून हळद लावून बसू नका.

खाण्यावरून वाद

सासूबाईंचं म्हणणं, कुत्र्याला भाकरी-दूध. पिढ्यान् पिढ्या तेच दिलंय. दिलं, आणि तिसऱ्या दिवशी मालूला पातळ शी. बऱ्याच पिल्लांना गाईम्हशीचं दूध पचत नाही. आणि नुसत्या भाकरीवर वाढत्या पिल्लाला प्रथिनं पुरत नाहीत. डॉक्टरांनी पिल्लांचं तयार खाणं आणि अंडी सांगितली. अंडं म्हटल्यावर घरात दोन दिवस अबोला. शेवटी अंगणात वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, आणि अंडं उकडणारी मी. सासूबाई त्या वेळी देवघरात बसतात. दही, पनीर त्यांच्या हातून. कडक भाकरीचा बोटभर तुकडा कुरतडायला अधूनमधून देतात, त्याला मी काही बोलत नाही. शेंगाचटणी मात्र चालत नाही, त्यात लसूण.

एकटं राहणं

एप्रिलमध्ये माल पोचवायला मला दोन-दोन तास बाहेर जावं लागणार होतं आणि सासूबाई दुपारी झोपणार. म्हणून फेब्रुवारीतच सुरुवात केली. जाळीत ठेवून अंगणात गेले, तीस सेकंदांत परत. मग एक मिनिट, पाच, दहा. रडण्याच्या आधी परत यायचं. रडल्यावर आलात तर रडल्यावर आई येते हे ती शिकते. जाताना निरोपसमारंभ नको, आल्यावर आरती नको. मार्चमध्ये अर्ध्या तासावर गाडी अडली, आठवडाभर पुढं सरकेना. मी परत पंधरा मिनिटांवर आले. एप्रिलअखेर दोन तास जमले. चार-पाच महिन्यांच्या पिल्लाला सलग चार तासांवर एकटं ठेवू नका. नोकरीला जाणाऱ्या नवरा-बायकोने शेजारच्या कॉलेजच्या पोराला, निवृत्त काकांना दुपारच्या फेऱ्यासाठी आधी पटवा, मग पिल्लू आणा. आधी हे, मग ते.

उन्हाळा आला की सगळं वेळापत्रक परत उलटवा. आपल्याकडे पारा 43-44 ला जातो. फिरवणं सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसलं नाही तर तिच्या पंजांना कसं सोसेल? दुपारी पत्र्याखाली नाही, आतल्या शहाबादीवर, ओला टॉवेल अंथरून. जीभ लांब बाहेर, जोरात धाप, हिरड्या लालभडक, झोकांड्या, असं दिसलं तर अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि दवाखाना गाठा, वाट बघू नका. याच दिवसांत गोचीड वाढतात. रोज रात्री कानामागे, पायाच्या बोटांमध्ये बघणं हे दोन मिनिटांचं काम पोरगीकडे दिलं; ती टीव्ही बघत करते.

ऑगस्टमध्ये आठव्या महिन्यात नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं. ते दहा दिवस परत जाळी, परत दारामागचा खडू. आता मालू सव्वा वर्षाची आहे. दिवसाला तास-सव्वा तास लागतो, दोन फिरणी धरून. सासूबाई अजून तिला शिवत नाहीत असं सांगतात. दुपारी त्या झोपल्या की मालू त्यांच्या पायाशी आणि त्यांचा पाय तिच्या पाठीवर, हे मी बघितलंय, पण बोलले नाही.

बॉबिनचा नियम कधीच संपायला हवा होता. पण मशीनने रिकामे टाके मारले की मालू टेबलाखालून उठते, आळस देते आणि दाराशी जाऊन उभी राहते. मी म्हणते, अगं नाही आता, नुसता दोरा तुटलाय. ती हलत नाही.